जिल्ह्याची अंत्ययात्रा

एलरश्टेट, ३ ऑगस्ट १९७७

ती. ताईस हिनरिखचा सा. नमस्कार, वि. वि.

आपला एलरश्टेट जिल्हा गेला. सरकारी फेररचनेत तुमच्या ब्राकेनबुर्गने तो गिळला आणि ढेकरही दिला नाही. सोमवारी आम्ही त्याची रीतसर अंत्ययात्रा काढली. सुताराने रिकामी शवपेटी दिली, अग्निशमन दलाचा बँड पुढे होता. चौकात सगळ्यांच्या साक्षीने मी शपथ घेतली की, यापुढे ब्राकेनबुर्गात पाऊल टाकणार नाही. टाळ्या पडल्या.

एकतीस वर्षं जिल्हा कचेरीत घालवली, आता जिल्ह्याचा ब्याण्णव वर्षांचा इतिहास लिहायला घेतलाय. पूरनाले, वळू-प्रदर्शनं, सगळं येणार. मोटारीची आपल्या जिल्ह्याची अक्षरं असलेली जुनी नंबरपाटीही मी बदलणार नाही. गावात कोणीच गाडी विकत नाहीये, कारण नवा मालक नोंदवायला गेला की तुमची पाटी लागते. गंजू देत, पण पाटी आपली राहील.

ताईची माया आहे तशीच राहो.
हिनरिख

ब्राकेनबुर्ग, १० ऑगस्ट १९७७

चि. हिनरिख यास अनेक आशीर्वाद.

अंत्ययात्रेचं वाचून हसून हसून पोट दुखलं. पेटी सुताराला परत केलीत ना? त्याला खऱ्या माणसांसाठी लागेल. ब्याण्णव वर्षांच्या इतिहासात सगळ्यांत मोठी घटना वळू-प्रदर्शन असेल, तर पुस्तक पातळच होईल, हे बरं.

आता कामाचं. ९ ऑक्टोबरला मला सत्तर पूर्ण होतात. तुझे मेहुणे गेल्यापासून माझं माणूस म्हणजे तू एकटा. आलुबुखाऱ्याचा केक करणार आहे. शपथबिपथ मला सांगू नकोस.

तब्येत सांभाळ, आणि ये.
आल्विना

एलरश्टेट, २९ ऑगस्ट १९७७

ती. ताईस सा. नमस्कार.

रागावू नकोस, येणं जमणार नाही. चौकात शपथ घेतलेला माणूस केकसाठी गेला, तर बँडवाले माझ्या दारात येऊन वाजवतील. तूच इकडे ये, मी बटाट्याचं सूप करीन.

एक मागणं आहे. पहिल्या प्रकरणात १८८५ साली जिल्हा कसा थाटात स्थापन झाला, ते लिहायचंय. आईच्या वडिलांची ट्रंक तुझ्याकडे आहे. आजोबा आपल्याच जिल्ह्यातल्या मोर्सेन गावचे, तो काळ पाहिलेले. कागद असतील तर पाठव. आजोबांचं नाव पुस्तकात मानाने घालीन.

लोभ कमी करू नकोस.
हिनरिख

ब्राकेनबुर्ग, १२ सप्टेंबर १९७७

चि. हिनरिख यास आशीर्वाद.

ट्रंक उघडली. वर्तमानपत्राचं कात्रण आणि एक फोटो सोबत आहेत, थाटाने छाप. १८८५ पर्यंत मोर्सेन हा वेगळा जिल्हा होता, शहाण्या. तो तुमच्या एलरश्टेटने गिळला. मोर्सेनकरांनी रिकामी शवपेटी गावातून फिरवली, पुढे बँड होता. फोटोत पेटीला खांदा दिलेला मिशाळ माणूस ओळख. आजोबाच! एलरश्टेटात पाऊल टाकणार नाही, अशी शपथ त्यांनीही घेतली होती.

तुला आठवतं, सुट्टीत आपणच त्यांच्याकडे जायचो, ते कधी आपल्याकडे आले नाहीत? आई म्हणायची, गुडघे दुखतात त्यांचे. मोर्सेनच्या जत्रेत ते मध्यरात्रीपर्यंत नाचायचे, रे. शेवटच्या आजारात आईने मला खरं सांगितलं. १९०६ साली तिचं लग्न तुमच्या एलरश्टेटच्या चर्चमध्ये लागलं. ती दारात पाऊण तास बापाची वाट बघत उभी राहिली. पाद्रीबाबा चिडले, तेव्हा एकटीच आत गेली. एकवीस वर्षं झाली होती त्या शपथेला.

मला थट्टा सुचत नाहीये आज. तुझ्यावाचून सत्तरी साजरी करायची मला भीती वाटते. खुर्ची मांडून ठेवते. पुढचं तुझं तू बघ.

तुझी ताई

एलरश्टेट, २५ सप्टेंबर १९७७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिलं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं, आजोबांच्या फोटोसकट. अंत्ययात्रा काढणाऱ्या आमच्या मंडळाला ते वाचून दाखवलं. मग सुतार म्हणाला की, दुकानात पडून असलेली ती जुनी पेटी न वापरताच विकायला कशी आली, ते आता कळलं. त्याच्या आज्याने ती मोर्सेनकरांकडून स्वस्तात घेतली होती.

नऊ तारखेला येतोय. मोटार मात्र घरीच राहील; शपथ मी मोडतोय, आपल्या जुन्या पाटीला तुमच्या रस्त्यावर न्यायची माझी तयारी नाही. सायकलने येतो, सायकलला पाटी नसते. बावीस किलोमीटर आहेत, उशीर होईल. तोवर तू दारात उभी राहू नकोस, आत बस. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

तुझा,
हिनरिख