आदर्शच्या पोटात गेलेलं विष

सदलगा,
२९ जानेवारी २०२५

चि. राजश्री हिस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, मनात नाही. फोनवर तुझा नंबर बंद केलाय. फोनवर तू बोललेलं फिरवतेस, म्हणून आता जे असेल ते कागदावर.

आदर्श रविवारी चिक्कोडीच्या दवाखान्यातून घरी आला. चार दिवस सलाईन. दीड महिन्याचं पोर, डोळे आत गेलेले, टाळू खाली बसलेली. शीर सापडेना म्हणून शेवटी डोक्यात सुई घातली. तुझी वहिनी अजून झोपेतून दचकून उठते. डॉक्टरांनी या आजाराच्या विषाणूचं नाव सांगितलं. ज्याच्यावर तू पीएचडी करतेस तोच तो.

पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला बस्तीत जिनमूर्तीच्या दर्शनाला न्यायचा मान आत्याचा, म्हणून तुला बोलावलं. प्रयोगशाळेतले हात घेऊन तू आलीस आणि तिसऱ्या दिवशी पोराला हगवण लागली. यापुढे या घराची पायरी चढू नकोस.

कुंथुनाथ


टिळकवाडी, बेळगाव,
३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,

शि. सा. नमस्कार. तुझ्या आशीर्वादापेक्षा माझा नमस्कार जरा खरा आहे, एवढंच.

मी काय करते हे सात वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून आता ऐक. माझ्याकडे विषाणू नाहीच. हा विषाणू आतड्यातल्या पेशीत शिरला की एक प्रथिन तयार करतो, त्याला एनएसपी-चार म्हणतात. त्याच्या मधल्या भागाची रचना चार पदर एकत्र वळलेल्या दोरासारखी असते. तेवढाच तुकडा आम्ही साध्या जिवाणूंकडून बनवून घेतो आणि त्याचा आकार तपासतो. त्यातून विषाणू तयार होत नाही आणि रोग पसरत नाही.

या प्रथिनाचा एक भाग पेशीबाहेर पडतो आणि शेजारच्या धडधाकट पेशीला चिकटतो. त्या पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं सुटतं आणि ती क्षार बाहेर टाकू लागते. क्षारामागोमाग पाणी जातं. आतड्याला फारशी जखम झालेली नसतानाच बाळ रिकामं होतं. दवाखान्यात त्याच्याकडे बघताना मला हे सगळं पाठ होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आता मी विचारते. या विषाणूवरचे तोंडातून द्यायचे थेंब बेचाळिसाव्या दिवशी मिळतात, सरकारी आणि फुकट. ते का दिले नाहीत? अजूनही वेळ गेलेली नाही, ताबडतोब दे. दवाखान्यात मी लंगोट पिशवीत भरला तेव्हा तुम्ही सगळे नाक मुरडत होता. तो तपासायला दिलाय. अहवाल आला की तुझ्यापुढे टाकते.

लोभ आहे की नाही ते तुझं तू ठरव.

राजश्री


सदलगा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. राजश्री,

दोर, पदर, कॅल्शियम. पोरगं मरायला टेकलं होतं आणि तू मला शाळा शिकवतेस.

बेचाळिसाव्या दिवसाचं विचारतेस ना? बाळाचं पहिलं पाऊल घराबाहेर पडतं ते बस्तीकडे, त्याआधी उंबरा ओलांडायचा नाही. आपल्या घरात हे तुझ्या-माझ्या वेळेपासून आहे. आईनं नको म्हटलं, विषय संपला. वहिनी त्यावरून आईशी बोलत नाही, बाळ तिच्या मांडीवर देत नाही. घरातली ही आग तुझ्यामुळेच लागली.

आणि ते थेंब म्हणजे तोच विषाणू अर्धमेला करून पाजायचा, हे मी मोबाईलवर वाचलंय. एकदा मरता मरता वाचलेल्या पोराला मी पुन्हा तेच पाजू? अजिबात नाही. अहवाल खुशाल पाठव.

कुंथुनाथ


टिळकवाडी, बेळगाव,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,

नमस्कार. अहवाल सोबत जोडलाय.

प्रयोगशाळेचा संबंध नाही. आमचं प्रथिन विषाणूच्या ज्या जातीवरून बनवलंय ती वेगळी, आदर्शच्या पोटात सापडली ती वेगळी. एवढ्यावर पत्र संपवलं असतं तर मी जिंकले असते.

लंगोटाबरोबर मी आणखी एक नमुना दिला होता, माझ्या लेकीचा, दिव्याचा. बस्तीच्या दिवसाआधी तीन दिवस तिला जुलाब होत होते. तिच्या पाळणाघरात चार पोरांना तेच होतं. मी कुणाला बोलले नाही. आले नसते तर आत्याला मानाचीसुद्धा किंमत नाही असं तूच चारचौघांत बोलला असतास, आणि मला तो मान हवाही होता. निघायच्या घाईत मी दिव्याला धुतलं, हातावर नुसतं पाणी घेतलं, साबण लावला नाही. बस्तीत आदर्श रडायला लागला तेव्हा मी करंगळी त्याच्या तोंडात दिली. तो गप्प झाला म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. दोघांचा विषाणू एकच निघाला.

तू म्हणालास ते खरं ठरलं, अण्णा. मीच आणला. पायरी चढू नकोस म्हणतोस, नाही चढत.

पण थेंब दे. एकदा हा आजार झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही. थेंबांतला विषाणू कमजोर केलेला असतो, त्यानं असा आजार होत नाही. दिव्याचे तिन्ही डोस झालेत, म्हणून ती चार दिवसांत खेळायला लागली. आदर्शकडे काहीच नव्हतं. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस.

राजश्री


सदलगा,
२ मार्च २०२५

चि. राजश्री,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते सोप्यात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. करंगळीचं तर दोनदा वाचलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

थेंब गुरुवारी दिले. वहिनीनंच आदर्शला उचललं आणि सरकारी दवाखान्याकडे चालायला लागली, मी मागून गेलो. तिथं आपली आशा कार्यकर्ती राजाबाई भेटली. तिनं वहिनीला विचारलं की आता बरं आणलासा, बेचाळिसाव्या दिवशी मी दारात आलतो तवा धन्यानं का म्हागारी लावलं. त्या दिवशी नर्सबाई थेंबांची पेटी घेऊन शेजारच्या अंगणवाडीत बसल्या होत्या, चार पावलांवर. आई मळ्यात होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. नको म्हणणारा मी होतो. बस्तीच्या आधी पोराला बाहेर काढलं तर भावकी नावं ठेवेल, एवढंच डोक्यात होतं. आदर्श आजारी पडल्यावर मी आईचं नाव पुढं केलं, आणि तुलाही तेच लिहिलं.

 घरी आल्यावर वहिनीनं बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. आता ती माझ्याशी बोलत नाही.

आईला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. महिनाभर सुनेचा अबोला सोसला, नातवाला हात लावता आला नाही, तरी ती बोलली नाही. काल मी तिला विचारलं की गप्प का बसलीस. ती म्हणाली की लेकीला तू घराभायेर काढलंयस, खरं सांगितलं असतं तर सून तुझ्या तोंडाकडं बघंना झाली असती, मग म्या ह्या घरात कुणाचं तोंड बघून जेवायचं हुतं.

तू इतक्यात येऊ नकोस. मला अजून तुझा राग आहे आणि माझाही आहे. हे पत्र तू तुझ्या घरी मोठ्यानं वाचलंस तरी माझी हरकत नाही.

कुंथुनाथ