डोळे मिचकवा

शुक्रवार, एप्रिल. संध्याकाळ.

आज दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मी एका माणसाची गचांडी धरली.

पहाटे मोहाची फुलं वेचताना अस्वलानं माझ्या लहान भावाले, सुरेशले, खाली पाडलं. डावा डोळा गेला. गाल फाटून लोंबत होता, तो मी पदरानं दाबून धरला. दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं सरकारी विम्याचं कार्ड तपासलं. म्हणाला, "मावशी, नाव हाय, पण चेहऱ्याची पडताळणी बाकी हाय." त्यानं बाहेर येऊन मोबाइल सुरेशसमोर धरला अन् पडद्यावरचं वाचलं, "डोळे मिचकवा."

सुरेशनं एक मिचकवला. पदराखालून रक्त ठिबकलं.

"नाई झालं. पुन्हा डोळे मिचकवा."

तिसऱ्यांदा म्हणाला तवा एका हातानं पदर दाबून दुसऱ्यानं त्याची गचांडी धरली. काचेवर डोकं आपटणारच होती त्याचं. खरंच आपटलं असतं. सुरेशच पुटपुटला, "सोड बाई, त्याची काय चूक?"

डॉक्टरनं कार्डाविनाच आत घेतलं. टाके पडले. पण चूक कोणाची?

मागच्या आठवड्यात गावात कार्डाच्या पडताळणीचं शिबिर होतं. सुरेश आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघाला होता. मीच त्याच्या हाती टोपली दिली. म्हटलं, "कार्ड कधीबी होते. मोह आज नाई वेचला तर जनावरं खातेत."

तो माझ्याकडे पाहून हसला, दोन्ही डोळे मिचकवले, अन् जंगलाकडे वळला.