चिंचेनं घासलेला बिल्ला

पोंभुर्णा, १० जुलै २०२५

चि. रश्मीस आबाजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुझं तोंड पाहतो आणि सांगायचं विसरून जातो, म्हणून पत्र. धानाची रोवणी सुरू आहे. चिखलात जाऊ नको म्हटलं की तुझी आजी हमखास जाते.

मुख्य बातमी अशी, की माझ्या बाबांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबा मुखरूंच्या नावानं गावाच्या तोंडाशी कमान होते आहे. उद्घाटन सोळा ऑक्टोबरला. माथ्यावर त्यांचा शौर्याचा बिल्ला रंगवायचा. तोच, समाजमंदिरात त्यांच्या फोटोवर टोचलेला, जो तुझी आजी दर चौदा एप्रिलला चिंच आणि राख लावून घासते. इटलीच्या लढाईत बाबा जखमींचं स्ट्रेचर वाहायचे. साहेबानं सोताच्या छातीवरचा काढून देल्ला, एवढंच ते सांगायचे. त्या साहेबाचं नावही कमानीवर घालावं म्हणतो. बिल्ल्याच्या पाठीवर काही कोरलं आहे, पण वाचता येत नाही. फोटो सोबत आहे, तेवढा शोध घे.

तुझाच,
देवाजी आबाजी

लाइपझिग, ४ ऑगस्ट २०२५

ती. आबाजी आणि आजीस रश्मीचा सप्रेम जयभीम.

आबाजी, आधी खाटेवर बसा. तो साहेब इंग्रज नव्हता, जर्मन होता. बिल्ला हिटलरच्या फौजेतला आहे.

पाठीवर कोरलेलं नाव फोटो मोठा करून वाचलं: एर्न्स्ट लांगे. माझ्यासोबत वॉर्डात काम करणाऱ्या नर्सबाईंनी जुन्या लष्करी दप्तराला लिहून त्याची नोंद मागवली. मास्तरचा मुलगा, पोलंड आणि फ्रान्समध्ये लढला, रशियात एक पूल राखला म्हणून हा बिल्ला मिळाला आणि पुढे कॅप्टन झाला. १९४४ साली इटलीत पाय फुटून कैदी झाला. त्याची ब्याऐंशी वर्षांची मुलगी हेल्गा इथंच जवळ राहते. तिला भेटले. ती म्हणाली, वडिलांनी सुतारकी केली आणि पदकांचं नाव काढलं नाही. रशियात आमच्या तुकडीनं गावं जाळली, हे एकदाच रडत सांगितलं. मात्र दुश्मनाच्या एका माणसानं डोंगरावरून पाठीवर घेऊन उतरवलं, हे दर नाताळला सांगत.

अशा बिल्ल्याच्या मधोमध नाझींचं स्वस्तिक असतं. आपल्या बिल्ल्यावर का नाही, ते मला कळेना. काही असो, कमानीवर तो नको. रागावू नका.

तुमचीच,
रश्मी

पोंभुर्णा, २८ ऑगस्ट २०२५

चि. रश्मीस आशीर्वाद.

रागावलो होतो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. भद्रावतीच्या फॅक्टरीत मी तीस वर्षं दारूगोळा केला तोही ह्याच बिल्ल्याच्या तोऱ्यात! बाबा खोटं बोलले नाहीत गं, आम्हीच अर्धं ऐकलं. मिथुन पेंटरनं तर बिल्ला रंगवूनही टाकला होता, बैलगाडीच्या चाकाएवढा.

शेवटी समाजमंदिरात सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचलं. मग म्हातारी सोमारी उठून म्हणाली, म्हंजे मुखरूभाऊनं दुश्मनाले पाठीवर आनलं? काऊन रे देवाजी, इतके दिवस हे काऊन नाई सांगितलं? बिल्ल्याहून मोठी गोष्ट हाय हे. मिथुनला त्याच बैठकीत बिल्ला पुसून पाठीवर माणूस घेतलेला माणूस काढायला सांगितलं.

स्वस्तिक कुठं गेलं म्हणतेस? आजीला विचारलं. ती म्हणते, लगनाच्या सालापासून मंधात काही तरी काळं काळं उठून दिसत होतं, मले वाटलं मळ हाय. सत्तेचाळीस वर्षं घासते आहे बिचारी.

भीमनगरचा नागसेन पुढच्या आठवड्यात तिकडे येतो आहे, त्याच्या हाती बिल्ला धाडतो. हेल्गाबाईंना दे. त्यांच्या वडिलांचा आहे.

तुझाच,
आबाजी

लाइपझिग, २१ सप्टेंबर २०२५

ती. आबाजी, आणि खास करून आजीस, जयभीम.

बिल्ला पोचला. हेल्गाबाईंनी भिंग लावून पाहिला, अंगठ्यानं मधली सपाट जागा चाचपली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी आजीचं, चिंचेचं आणि मळाचं सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि मग खरंच रडल्या. म्हणाल्या, बाबा ते चिन्ह मरेपर्यंत मनातून घासत राहिले, त्यांच्यानं निघालं नाही.

बिल्ला त्यांनी परत दिला आहे. म्हणाल्या, तो दिलेला आहे, आणि आता स्वच्छही आहे. कमानीला येता येत नाही, पण आजीला निरोप आहे: एप्रिलमध्ये घासणं थांबवू नका.

लोभ आहेच, तो चिंचेसारखा मुरू द्या.

तुमचीच,
रश्मी