उजेडाचा फोटो

३ मार्च, मंगळवार

गेले होते फोटो काढायला आणि साक्षीदार होऊन परत आले!

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर लग्ननोंदणीची खोली. नेहमीसारखी मी आधी पोहोचले. माणसं यायच्या आधी जागेचा एक फोटो काढायचा, उजेड कसा पडतो ते बघायला — ही वडिलांनी लावलेली सवय. ते त्याला उजेडाचा फोटो म्हणायचे. तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, कामाच्या फोटोंतही ठेवायचा नाही. त्याचं फोल्डर वेगळं, मी ते फारसं उघडत नाही. आजही व्हरांड्यातून दाराकडे बघत एक काढला. बाकांवर घरपट्टी भरायला आलेली माणसं ताटकळत होती.

मग ती दोघं आली. मुलगी नर्स, रात्रपाळी संपवून थेट. मुलगा घड्याळं दुरुस्त करतो. घरचं कुणीच नाही. त्यांचा तिसरा साक्षीदार ऐनवेळी फिरकलाच नाही. साहेब म्हणाले, तिघं लागतात, नाहीतर पुढची तारीख घ्या. मुलगी पांढरीफटक पडली. माझ्या तोंडून निघून गेलं, मी करते! कॅमेरा शिपायाच्या हातात दिला. त्याने माझं अर्धं डोकं कापलं, पण दोघांचं हसू असं पकडलं की मला उभ्या जन्मात जमलं नसतं.

निघताना मुलगी कानाशी म्हणाली, "ताई, हे कुणाच्या नजरेस पडू देऊ नका. घरी कळलं तर आमची धडगत नाही."

४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तू फोटो काढायला गेली होतीस की लग्न लावायला, म्हणून हसला. मग जेवून हात धुताना विचारतो, सहीखाली पत्ता कुठला दिलास?

दुकानाचा.

६ मार्च, शुक्रवार

समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर एक वयस्क माणूस. करडा शर्ट, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. आमच्या पाटीकडे बघत होता. असेल कुणी.

७ मार्च

आजही तोच! शटर अर्धं ओढून काम केलं. नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत. मनाच्या खेळाला पिशवी असते का?

९ मार्च, सोमवार

आत आला.

पासपोर्ट फोटो हवा म्हणाला. दुकानात मी एकटी. स्टुलावर बसवलं, मान सरळ करा म्हटलं, कॅमेऱ्यातून बघितलं — डावी भुवई उजवीपेक्षा वर चढलेली! ही भुवई मी मंगळवारी सकाळभर बघत होते. हा बाप आहे त्या मुलीचा. फोटो कसा काढला मला माहीत नाही.

उठताना त्याने विचारलं, लग्नाचे फोटोही काढता का? मी नाही म्हटलं. आणि माझ्या मागे भिंतभर जोडपी दात काढून हसत होती! त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शनिवारी येतो फोटो न्यायला, म्हणाला आणि गेला.

लगेच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, बाबा आले म्हणजे दादानेच पाठवलं असणार. तिचा थोरला भाऊ. त्याने हिचा मोबाइल याआधी भिंतीवर आपटून फोडलाय, मुलाला रस्त्यात गाठून धमकावलंय. "ताई, सगळं पुसून टाका. आत्ताच. आम्ही आज हे शहर सोडतो." तुमची प्रत तरी पाठवते म्हटलं, तर नको म्हणाली. दादाच्या हाती लागली तर? कुठे जाणार ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. न कळलेलंच बरं.

पुसले. कार्डावरचे, कॉम्प्युटरवरचे, सगळे. शिपायाने काढलेला सगळ्यात शेवटी. बोट पुढे जाईना. रडले मी, दुसऱ्यांच्या लग्नाच्या फोटोंसाठी!

११ मार्च

मुलीचा फोन बंद. बरं झालं. बरंच झालं ना?

१३ मार्च, शुक्रवार

उद्या तो येणार. नवरा रजा टाकून दुकानात बसणार आहे. तोही घाबरलाय, पण कबूल करत नाही. मला कशात लक्ष लागेना. आणि एकदम आठवलं — उजेडाचा फोटो! तो पुसायचा राहिलाच.

फोल्डर उघडलं. व्हरांडा, उघडं दार, ताटकळणारी माणसं. बाकाच्या टोकाला करडा शर्ट. मांडीवर पिशवी.

म्हणजे हा आमच्याही आधी तिथे होता! सगळं बघत होता. ती दोघं, माझी सही, सगळं. मग उठला का नाही? पिशवीत काय होतं? पुसला नाही मी तो. उद्या काही बरंवाईट झालं तर पोलिसांना दाखवायला असू दे.

१४ मार्च, शनिवार

आला. नवरा माझ्या पुढे येऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने पिशवीत हात घातला तसे आम्ही दोघंही मागे सरलो. शाल होती. घडी घातलेली. मुलीच्या आईची म्हणाला, ती असती तर तिनेच दिली असती. घरपट्टी भरायला गेला तेव्हा फळ्यावरच्या लग्ननोंदणीच्या यादीत मुलीचं नाव आणि तारीख वाचली होती. घरात कुणाला बोलला नाही. त्या दिवशी गर्दीत तोंड लपवून बाकावर बसला, पण आत यायचा धीर झाला नाही. थोरल्याच्या कानावर गेलं असतं तर! माझ्या दुकानाचा पत्ता नंतर शिपायाकडून मिळवला.

"तिचा एक फोटो दाखवा. घरी नेत नाही, थोरला बघेल. इथेच बघतो. आणि एवढी शाल तिला पोचवा."

मुलीचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला.

होता तोच फोटो दाखवला. चष्मा पुसून त्याने पुन्हा बघितला. व्हरांडा, दार, बाकावर तो.

"यात ती कुठे आहे?"