पाठीवरचे पेले

रोकाव्हेर्दे, ३ मार्च १९४६

ती. एर्सिलियावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र खाली बसून वाचा. काल सकाळी इंग्रजांची जीप आली आणि तुमच्या भावाला घेऊन गेली. हे लढाईत आपल्या इटालियन सैन्याच्या युद्धकैद्यांच्या छावणीत दवाखान्याचे शिपाई होते ना, तिथे अलिस्टर नावाचा बावीस वर्षांचा इंग्रज कैदी तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वारला. त्याच्या सोबत्यांनी आता लष्कराच्या चौकशीत सांगितलंय की त्याच्या पाठीवर गोल गोल काळेनिळे डाग होते, ओत्ताव्हियोनं त्याला चटके देऊन मारलं. वन्सं, ज्यांच्या हातून कोंबडी कापवत नाही ते माणसाला चटके देतील? गावात लोक फाशीच्या गोष्टी बोलतायत.

सासूबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलंय. छावणीचे तेव्हाचे प्रमुख मेजर बालदुच्ची लगेच धावून आले. वकील देतो म्हणाले आणि डुकराची खारवलेली तंगडी ठेवून गेले. आमच्या लेकीला, नुन्झियाताला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेणारे धर्मपिताच ते, असा माणूस पाठीशी आहे हेच नशीब. ह्यांना तिथे तुमच्या नेपल्सलाच ठेवलंय. तुमची शिवणाची गिऱ्हाइकं थांबतील, पण तुम्ही आधी ह्यांना भेटा. एरवी तुम्ही बोलायला लागलात की मी कानांत बोटं घालते, पण त्या इंग्रजांपुढे मनसोक्त बोला.

घाबरलेली का होईना, तुमचीच,
अस्सुंता

नेपल्स, ९ मार्च

चि. अस्सुंतास,
अनेक आशीर्वाद.

भेटले! पहाऱ्यावरच्या पोरानं अडवलं, तर त्याच्या गणवेशाची उसवलेली शिवण दाखवून त्यालाच लाजवलं आणि आत शिरले. भाऊ वाळलाय, पण बरा आहे. आता ऐक, आणि किंचाळू नकोस. ते डाग पेल्यांचे आहेत! आपल्याला खोकला झाला की आई पाठीवर लावते, तेच पेले, आतला जाळ विझला की कातडी ओढून धरणारे आणि डाग ठेवणारे. औषधं संपली होती, पोरगा धापा टाकत होता, म्हणून ओत्ताव्हियोनं आईचा उपाय केला. आणि आमचा शहाणा चौकशीत काय म्हणाला? कापूस पेटवला, पेल्यात घातला, पेला पाठीवर दाबला. इंग्रजांच्या घरी असलं काही करत नसावेत. चौकशी करणाऱ्या कॅप्टननं ती कबुलीच धरली.

कॅप्टन वेदरबी म्हणजे उंच, लांब नाकाचा, नम्र माणूस. मी तासभर समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मात्र अस्सुंता, तो माणूस खोकतोय! छातीत नुसती घरघर. आईला पेल्यांसकट पाठवून दे. जाड काचेचे दे. तुझ्या लग्नातले नाजूक नकोत, त्यांतून वाइनसुद्धा धड पिता येत नाही.

तुझ्या वाट्याची माया राखून ठेवणारी,
एर्सिलिया

रोकाव्हेर्दे, १४ मार्च

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खरंच किंचाळले, आणि मग हसत सुटले. सासूबाई आजच गावातल्या कोझिमोच्या ट्रकमधून निघाल्यात. पेले गवतात बांधलेत आणि मांडीवरून खाली ठेवायला तयार नाहीत. माझ्या लग्नाच्या पेल्यांना नावं ठेवल्याचा हिशेब नंतर करू.

एक गोष्ट मनाला खातेय. सासूबाई निघताना मेजर आले होते. म्हणाले, पेल्यांपुरतंच बोला, त्यापुढे अवाक्षर नको, आणि ओत्ताव्हियोला सांगा की बाप्तिस्म्याचं नातं विसरू नकोस. मी विचारलं, त्यापुढे आहे तरी काय? तर बायकांनी त्यात पडू नये म्हणाले. वन्सं, त्या हिवाळ्याबद्दल हे माझ्याशी कधीच बोलले नाहीत. मेजरांनी दिलेलं मांस आता घशाखाली उतरत नाही.

उत्तराकडे डोळे लावून,
अस्सुंता

नेपल्स, १९ मार्च

चि. अस्सुंतास,
अनेक आशीर्वाद.

आईनं इंग्रज साम्राज्याला पालथं झोपवलं! कॅप्टन नाही नाही म्हणत होता. आई म्हणाली, माझ्या लेकाला फाशी द्यायचीच तर आधी सदरा काढ. हसत का होईना, त्यानं काढला. आईनं एकामागून एक पेले लावले. मांस वर ओढलं गेलं तसा त्यानं चादरीत तोंड खुपसलं, पण हूं की चूं केलं नाही. पेले निघाले तर पाठभर गोल गोल काळेनिळे डाग! त्यांचा डॉक्टर धावत आला, कारकून दारातून डोकावू लागले. कॅप्टननं दोन आरशांत पाठ पाहिली आणि चटक्यांचा आरोप तिथल्या तिथे खोडला. मी तर आईच्या गळ्यातच पडले.

मग सदऱ्याची बटणं लावता लावता त्यानं समोर आणलेल्या ओत्ताव्हियोला शांतपणे विचारलं, की त्या धडधाकट पोराच्या छातीची अशी दशा झालीच कशी?

ओत्ताव्हियो खाली बघू लागला. आपल्याकडे माणूस एक वेळ सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देईल, पण लेकीच्या धर्मपित्याविरुद्ध नाही. गप्प राहिला असता तर त्याच दिवशी सुटला असता. आई पेले पुसत होती. ती त्याला एवढंच म्हणाली, की मी तुला पेले लावायला शिकवले, गप्प बसायला नाही. तेव्हा तो बोलला. अलिस्टरनं सलाम केला नाही म्हणून मेजरनं त्याला कोटाशिवाय पाण्याच्या रिकाम्या टाकीत कोंडलं होतं, भर बर्फात. ओत्ताव्हियोनं त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

भाऊ घरी येतोय, पण साक्षीदार म्हणून. जीपही येईल, मेजरसाठी. तेव्हा नुन्झियाताला आत ने.

तुम्हा सगळ्यांच्या काळजीत,
एर्सिलिया

रोकाव्हेर्दे, २८ मार्च

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

हे घरी आलेत, पोटभर जेवतायत. सासूबाई मोफत पेले लावतायत, कुणाला खोकला असो वा नसो. पण तुमचं ऐकलं नाही. जीप आली तेव्हा मी नुन्झियाताचा हात धरून चौकातच उभी राहिले.

सगळा गाव जमला होता. मेजरनं ह्यांच्याकडे बोट करून मोठ्यानं विचारलं, ज्या हातांवर तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा झाला, त्यांना बेड्या घालताना लाज नाही वाटली? मला वाटलं, आता हे मान खाली घालतील. नाही घातली. म्हणाले, "त्या पोरालाही बाप्तिस्म्याच्या वेळी कुणीतरी हातांवर घेतलंच असेल ना, मेजर."

तेव्हापासून निम्मा गाव आमच्याशी बोलत नाही. पाववालीनं काल पाव हातात न देता फळीवर ठेवला. मे महिन्यात चर्चमध्ये नुन्झियाताचा दृढीकरणाचा विधी आहे, तिच्या मागे उभं राहायला धर्ममाता हवी. तीन घरी विचारलं, तिन्ही घरची दारं बंद झाली. चौथ्या घरी मी जाणार नाही. वन्सं, तुम्ही या. आणि गावातून चालताना मनसोक्त बोला, मी कानांत बोटं घालणार नाही.

वाट पाहणारी तुमची भावजय,
अस्सुंता