दोन उजव्या हातांचा खेळ

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाई,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत उसण भरली, त्यामुळे नमस्कार अर्ध्यावर थांबला आहे, उरलेला समक्ष भेटीत पुरा करीन.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मांजर तुमचं ऐकायला लागलं, की अजून तुम्हीच त्याचं ऐकता? आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमच्या धाकट्या दिरांचा उजवा हात तेवढा सोडून. तो तीन दिवस उशीवर ठेवलेला आहे आणि त्याची चौकशी दर तासाला करावी लागते. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही दुसऱ्याच वाक्याला “मुद्द्याचं बोल” म्हणता, आणि माझा मुद्दा कधीच अकराव्या-बाराव्या वाक्याच्या आधी येत नाही.

गेली नऊ वर्षं मी हातात घालायच्या बाहुल्या करते आणि मिळेल तिथे खेळ करते. मिळेल तिथे म्हणजे वाढदिवसांचे हॉल, दवाखान्यांचे बाक आणि एकदा तर गाद्यांचं दुकान. (तिथे निम्मे प्रेक्षक झोपले. त्यात माझा वाटा किती आणि गाद्यांचा किती, ते अजून ठरायचं आहे.) स्वतःची जागा अशी कधी नव्हतीच. लगद्याची मुंडकी फ्रीजवर, बाटल्यांच्या तोंडावर खोचून वाळत असतात, त्यामुळे आलेला पाहुणा पाणी मागत नाही. अशात आमच्या ग्रंथालयाच्या बाईंनी निरोप पाठवला की मागची खोली रिकामी आहे; एक खेळ करून दाखवा, चाळीस मुलं अर्धा तास जागेवर बसली तर वर्षभर दर शनिवारी खोली तुमची. खोलीला दार आहे, जाऊबाई. पडदा उभा करून, कुलूप लावून घरी यायचं आणि परत जावं तर तो तिथेच! मला तर नुसत्या कुलपाच्या विचारानंच भरून आलं.

मी नवा खेळ बसवला. एक अस्वल केस कापायला न्हाव्याकडे जातं, एवढीच गोष्ट. अस्वलाच्या अंगाला आमच्या न्हाणीघराचं पायपुसणं लावलं (नवं आणलेलं नाही, सध्या ओल्या पायांनी फिरतो). आता चूक कुठे झाली ते ऐका. मी कपडा बेतताना कागदावर माझा डावा पंजा ठेवते आणि उजव्या हातानं पेन्सिल फिरवते. हे झालं डाव्या हाताच्या बाहुलीचं माप. कागद उलटला की उजव्या हाताचं. यंदा न्हाव्यासाठी कागद उलटला. मग अस्वलासाठी बसले तर त्या कागदावर खळ सांडलेली दिसली, म्हणून दुसऱ्या कागदावर डावा पंजा नव्यानं काढला आणि “आता हा उलटलाच पाहिजे” म्हणत सवयीनं तोही उलटला. म्हणजे न्हावी उजव्या हाताचा आणि अस्वलही उजव्या हाताचं. सराव करताना एकेकाची चाल वेगवेगळी बसवत होते, म्हणून दोघंही बिनतक्रार माझ्या उजव्या हातात जात होते. खेळाच्या दिवशी सकाळी न्हाव्याचा रंग वाळला, दोघांना पहिल्यांदा एकत्र घातलं, आणि कळलं की डाव्या हातात अस्वल बसतं, पण जगाकडे पाठ फिरवून. मान चिकटवलेली. सोडवायला वेळ नाही. खेळ अकराला.

तुमचे दीर त्या दिवशी रजा घेऊन घरी होते, हा त्यांचा गुन्हा. “अहो, बोलायचं काहीच नाही, दोघांचे आवाज मीच काढणार, तुम्ही फक्त हात वर धरायचा,” असं सांगून मी त्यांना पडद्यामागे बसवलं. त्यांची नोकरी कागदांवर शिक्के मारण्याची. त्यामुळे अस्वल माझ्या प्रत्येक वाक्याला खाडकन मान आपटायचं. पण मुलं हसत होती, म्हणून मी आपटू दिलं. सात-आठ मिनिटांनी हात भरून आला आणि अस्वल हळूहळू खाली जायला लागलं. आधी पोट गेलं, मग खांदे. कान तेवढे उरले. पुढच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली, “बुडालं! अहो न्हावीकाका, तुमचं गिऱ्हाईक बुडालं!” आणि त्याच क्षणी आमच्या अस्वलानं, म्हणजे ह्यांनी, स्वतःच्या आवाजात विचारलं, “अगं, अजून किती वेळ?”

मला वाटलं, गेलं कुलूप. पण न्हाव्याच्या तोंडून निघून गेलं, “आत्ता कुठे एक कान झालाय, गप बस!” त्यावर अस्वल म्हणालं, “हात दुखतोय गं!” न्हावी म्हणाला, “केस कापतोय मी, हात नाही! वर ये आधी!” मग जे काही झालं ते आमचं सतरा वर्षांचं संसारी भांडण होतं, ओल्या टॉवेलपासून ते पायपुसण्यापर्यंत सगळं निघालं. अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली. एकही मूल हललं नाही. ग्रंथालयाच्या बाई (ह्या कधी हसल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही) चष्मा काढून डोळे पुसत पडद्यामागे आल्या, जमिनीवर आडव्या झालेल्या तुमच्या दिरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “शनिवार तुमचे. पण अस्वल असंच हवं, उलटून बोलणारं.”

खोली मिळाली, जाऊबाई! किल्ली माझ्या उशाशी आहे. बाकी सर्व ठीक. तुम्ही प्रकृतीला जपा, आणि मांजराला माझा आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. ह्यांना दर शनिवारी कचेरी असते, आणि नसती तरी “मी पुन्हा अस्वल होणार नाही” असं त्यांनी जेवणाच्या ताटावर हात ठेवून सांगितलं आहे. म्हणून सहज विचारते. तुम्ही चौतीस वर्षं शाळेत कवायत शिकवलीत. हात वर करून तासभर उभं राहणं आणि समोरच्याला फटकन उत्तर देणं, ह्या दोन्हींत आपल्या घरात तुमचा हात धरणारं कोणी नाही. निवृत्त झाल्यापासून पुसलेलंच टेबल पुन्हा पुसते, असं मागे तुम्हीच म्हणाला होतात. बस तासाभराची तर आहे.

ता. ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. डाव्या हाताचं अस्वल मी परवाच शिवलं. चांगलं बसतं, एकटीनं सगळा खेळ होतो. पण काल करून पाहिला तर माझ्या उजव्या हाताला डाव्याचं पुढचं वाक्य आधीच माहीत होतं. नऊ वर्षं तसंच होत होतं, मला ते आत्ता कळलं.

शनिवारी दहाला पोचा. उजव्या हातातली अंगठी काढून या, पायपुसण्यात अडकते.