रानपेअरखालची मेणबत्ती

याब्लान (बोस्निया),
ता. ९ मे २००४

चि. शेव्केत यास,
अ. उ. आ.

पत्र आणि लहानगीचा फोटो पोचला. नाक आपल्या आईचं आहे आणि हनुवटी तुझी. तेव्हा पोर सुंदरही होणार आणि हट्टीही. तुझ्या बायकोला आत्तापासून धीर दे.

मी खुशाल आहे. घरी परत येऊन वर्ष झालं, छप्पर गळायचं थांबलं, मिरचीची रोपं लावून झाली, गाय व्याली. मशिदीचा मिनारही पुरा झाला. होजा म्हणून मुनीब नावाचा एक तरणा पोरगा आलाय, आवाज गोड आहे, पण भोंगा असा मोठा लावतो की कोंबड्या उडतात. आणि त्याची बांग सुरू झाली रे झाली की वरच्या चर्चातला पाद्री गावरिलो नेमका त्याच वेळी घंटा बडवायला घेतो. दोघांच्या या चढाओढीत माझी गाय पान्हा चोरायला लागली. शेवटी मी आधी मशिदीत गेले, मग चर्चात गेले, आणि दोघांनाही सांगितलं की तुमचं देवाशी काय ते असू दे, माझ्या दुधाचं काय ते बोला. आता भोंगा खाली आलाय, आणि बांग संपेपर्यंत घंटा थांबते. पाद्री माणूस बरा वाटला. दोन वर्षांपूर्वीच इथे आलाय. मला कॉफी पाजली आणि गाईचं नाव विचारून घेतलं.

शेजारची ल्येपा मावशी मात्र येत नाही. कुंपणावर कांद्याची जुडी ठेवते आणि मी हाक मारायच्या आत घरात शिरते. आई गेल्यावर जिनं आपल्या दोघांना एका ताटात जेवू घातलं, ती माझ्या नजरेला नजर देत नाही. बाबांचं नाव काढलं की सगळ्या गावाची दातखीळ बसते. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून मी विचारत नाही रे. बाबांची हाडं मिळावीत, कफनात गुंडाळून त्यांची नमाज व्हावी आणि आईशेजारची ती रिकामी जागा भरावी, एवढंच मला हवंय. त्याच्याशिवाय मला इथून मरायलाही सवड नाही.

तब्येत सांभाळ. बस हळू चालवत जा. पत्राला उशीर केलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
हान्काताई


नॉरशॉपिंग (स्वीडन),
ता. २२ मे २००४

ती. हान्काताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र बसडेपोत वाचलं आणि गाईपाशी हसलो. पाद्र्याच्या कॉफीपाशी हसू गेलं.

ताई, तू विसरलीस का? ब्याण्णव साली याच चर्चाच्या अंगणात तेव्हाच्या पाद्र्यानं बंदुकांवर पवित्र पाणी शिंपडलं होतं, जशा काही त्या नव्या नवऱ्याच होत्या. घंटा वाजली आणि अर्ध्या तासात बाबांना घरातून ओढून नेलं. आपल्याकडचेही कोणी धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे मला ठाऊक आहे. अल्लाचं नाव घेत आपल्यातल्यांनी नदीपलीकडे काय केलं ते मी ऐकलंय. म्हणूनच म्हणतो, झगेवाले आणि फेटेवाले दोघांपासूनही लांब राहा. आणि ल्येपा मावशी बघत नाही, कारण तिला माहीत आहे. तिचा सख्खा दीर मिलोये त्या दिवशी बंदूक घेऊन आला होता. आता आणखी काय समजून घ्यायचं?

हाडांची ओळख पटवायला मी इथे दोनदा रक्त देऊन आलो. तिसऱ्यांदा मागितलं तर उभाच पांढरा पडेन. इकडे निघून ये. इथे मिरची उगवत नाही, पण झोप लागते. म्हणजे, तुला लागेल. मला अजून लागत नाही.

रागावलीस तरी ओवाळून टाकू नकोस.

तुझा धाकटा,
शेव्केत


याब्लान,
ता. २ जून २००४

चि. शेव्केत यास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. बस चालवताना खिशात ठेवू नकोस.

गेल्या शनिवारी इथल्या सर्बांचा पितरांचा दिवस होता. बायका मेणबत्त्या आणि अक्रोड-साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन कबरस्तानात जात होत्या. मी त्या वेळी वासरू शोधत होते. ते सुटलं होतं, ओढ्यापलीकडे ल्येपा मावशीच्या कुरणात गेलं होतं. तिथल्या टोकाच्या रानपेअरच्या झाडाखाली मला ते सापडलं. त्याच्यासमोर मातीत खोचलेली एक पिवळी मेणबत्ती जळत होती, आणि बशीत गोड गहू होते.

तिथे कबर नाही, शेव्केत. मावशीचा नवरा स्तोयान चर्चाच्या कबरस्तानात आहे, तिचे आईबाप तिथेच आहेत. मी मातीवरून हात फिरवला तर जुन्या मेणाचे थर होते, एकावर एक, किती तरी वर्षांचे. मला कळलं. सांगायला कोणी लागलं नाही. किती वेळ बसले होते कोण जाणे, वासरानं बशीतले गहू खायला सुरुवात केली तेव्हा भानावर आले.

तशीच होजा मुनीबकडे गेले. मला वाटलं होतं, हा पोरगा घाबरेल. त्यानं मला पाणी दिलं, माती उकरायची नाही आणि तिच्या दारात जाऊन आरडाओरडाही करायचा नाही असं बजावलं, आणि टोपी घालून थेट पाद्र्याकडे गेला. मी मागोमाग होतेच. गावरिलो ऐकता ऐकता लालबुंद झाला. म्हणाला, चर्चात कोणी कानात सांगितलेलं मला मरेपर्यंत बाहेर काढता येत नाही. मला कोणी काही सांगितलं असंही मी म्हणत नाही, आणि नाही सांगितलं असंही म्हणत नाही. फक्त आठ दिवस द्या, एवढं म्हणाला. मला असा संताप आला की त्याची कॉफीची किटली उचलून फेकावी. होजानं माझ्या वतीनं आठ दिवस कबूल केले, आणि बाहेर आल्यावर मी त्यालाही फैलावर घेतलं. तो म्हणाला, खाला, जमीन खणायला फावडं पुरेल, पण तिनं स्वतः सांगितलं तर तुमच्या बाबांबरोबर तीही बाहेर येईल.

बोलायला सोपं आहे. मी दिवस मोजतेय.

तुझी,
हान्काताई


नॉरशॉपिंग,
ता. ११ जून २००४

ती. ताईस,
स. न. वि. वि.

आठ दिवस कसले? बारा वर्षं झाली! पोलिसात जा. ती बाई रोज खिडकीतून ते झाड बघत होती आणि तुझ्या कुंपणावर कांदे ठेवत होती. मी तिचं नावही लिहिणार नाही.

मला फोन कर. डेपोचा नंबर खाली देतो. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

शेव्केत


याब्लान,
ता. २० जून २००४

चि. शेव्केत यास,
अ. उ. आ.

फोनवर मी नुसती रडले, म्हणून नीट लिहिते.

ती सातव्या दिवशी आली. भर दुपारी, रस्त्यानं, सगळ्यांना दिसेल अशी. पाद्री बरोबर होता, पण तो दारातच थांबला. मावशी बसेना. उभ्या उभ्याच सांगत गेली. मिलोयेनं आणि बाहेरच्या दोघांनी बाबांना ओढ्याकाठी गोळी घातली. कुत्र्यांना पडू दे म्हणून बजावलं, आणि मावशीला सांगितलं की तोंड उघडलंस तर तुझा मुलगा या गावात उभा दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि स्तोयान गेले. तिनं आपल्या लग्नातली पांढरी चादर नेली, कारण आपल्यात पांढऱ्यात गुंडाळतात एवढं तिला माहीत होतं. तोंड काबेकडे करतात हेही ऐकलं होतं, पण काबा कुठल्या बाजूला ते दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी बाबांचं तोंड मशिदीकडे केलं. शेव्केत, मशीद त्याच आठवड्यात सुरुंगानं उडवली होती. जिथे ती उभी होती, त्या बाजूला केलं.

मग तिनं जुन्या पाद्र्याला कानात सांगितलं. तो म्हणाला, गप्प बैस, आपल्याच माणसांवर चिखल उडवायचा नसतो. ती गप्प बसली. पण मेलेल्याला उजेडाशिवाय ठेवणं तिला झेपेना, म्हणून वर्षातून चार वेळा, पितरांच्या दर शनिवारी, मेणबत्ती लावत राहिली. गहू ठेवायची, कारण बाबा दर वर्षी कुळाच्या संताच्या सणाला तिच्याकडे गोड गहू खायला जायचे आणि दुसरी वाटी मागायचे. गावरिलो आल्यावर तिनं त्याला सांगितलं. तो दोन वर्षं तिच्या मागे लागला होता. सांग, मी तुझ्याबरोबर येतो, एवढंच सारखं म्हणत होता.

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं काय? तर, मुसलमान माणसाला मेणबत्ती लावली, त्याचा हिल्मियाला, म्हणजे बाबांना, वर काही त्रास तर होणार नाही ना. मी होजाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, आमच्यात मेणबत्ती नाही, उद्या माझ्या जमातीतल्या कोणी लावली तर मी हात धरीन. पाद्री दारातून म्हणाला, आमच्या नियमातही ती बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असते, म्हणजे हिनं दोन्हीकडचा नियम मोडला. होजा डोळे पुसत म्हणाला, मग दोन्ही कचेऱ्यांनी डोळेझाक करावी. मी तिला खाली बसवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका बाकावर बसलो.

बेपत्ता माणसं शोधणाऱ्या कचेरीचे लोक आले, बाबांना अलगद काढून घेऊन गेले. मावशीनं पोलिसांत जबाब दिला. गावात कुजबुज सुरू झाली, तिच्या दारावर कोणी दगड मारला. तेव्हा गावरिलोनं रविवारी भरल्या चर्चात सांगितलं, की या बाईच्या केसाला धक्का लावील त्याच्या घरची, कुळाच्या संताच्या दिवशीची भाकरी मी कापणार नाही. तुला माहीतच आहे, पाद्र्यानं भाकरी कापली नाही तर त्या घराला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. दगड थांबले. मिलोयेला पोलीस घेऊन गेले.

माझ्या छातीवरचं जातं उतरल्यासारखं झालंय. तुझ्याही उतरावं.

तुझी,
हान्काताई


याब्लान,
ता. ३ एप्रिल २००५

चि. शेव्केत यास,
अ. उ. आ.

कचेरीतून पत्र आलं. तुझं रक्त आणि बाबांची हाडं जुळली. बाबाच आहेत. मी पत्र तीनदा वाचलं, मग होजाकडून वाचून घेतलं, मग गावरिलो रस्त्यानं चालला होता त्यालाही वाचायला लावलं.

दफन ४ जूनला. तू ये. मावशी विचारते, मी बायकांत येऊन बसू का. मी हो म्हटलंय. तुला चालणार नसेल तर मला कळव, पण मी तिला नाही म्हणणार नाही.

वाट पाहणारी,
हान्काताई


याब्लान,
ता. १९ जून २००५

चि. शेव्केत यास,
अ. उ. आ.

पोचल्याचं कळलं, बरं वाटलं. दफनाच्या दिवसापासून मी रोज सकाळी उजाडल्यावर उठते. गाय ओरडते तरी जाग येत नाही. इतकी वर्षं झोप नावाची गोष्ट मी नुसती बघत होते, असं आता कळतंय.

तू दहा माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतास ते खिडकीतून दिसलं. होजानं विचारलं, या माणसाला माफ करता का, आणि तुम्ही सगळे तिन्ही वेळा हलाल, माफ केलं, असं म्हणालात, ते आम्हा बायकांपर्यंत ऐकू आलं. गावरिलोनं डोकं उघडं करून तीन फावडी माती टाकली, ती तू टाकू दिलीस, हेही मला कळलं.

पण मावशीच्या दारापर्यंत गेला नाहीस. तिनं आदल्या दिवसापासून तुझ्यासाठी पालक भरलेला पापुद्र्यांचा रोट लाटला होता. बस निघून गेल्यावर ती तो माझ्याकडे घेऊन आली, दोघींनी खाल्ला. तुला मी काही सांगत नाही, तू आता कारटा नाहीस. ती मात्र एकदाच म्हणाली, हिल्मियाला सगळ्यांनी माफ केलं, मला कोण करणार. मी म्हटलं, मी केलंय. ती म्हणाली, तू केलंस गं, पण वाढवलं मी दोघांना.

मुलीला माझे दोन पापे, तुला एक.

तुझी,
हान्काताई


नॉरशॉपिंग,
ता. ७ ऑगस्ट २००५

ती. ल्येपा मावशीस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी पाच वेळा सुरू केलं. मायना लिहून झाला की अडत होतो.

त्या दिवशी मी तुझ्या दारात आलो नाही, ते रागानं नव्हे. खरं म्हणजे रागही होता, खोटं कशाला बोलू. बारा वर्षं तू गप्प बसलीस, त्याचा राग अजून आहे, आणि तो जाईल की नाही मला माहीत नाही. पण त्या दिवशी दुसरंच कारण होतं. दफनाच्या आधी कचेरीतल्या बाईनं मला ती चादर दाखवली. कोपऱ्यावरचं तुझं लाल भरतकाम अजून ओळखू येत होतं. तुला मी ओळखत नाही असं मला तेरा वर्षं वाटत होतं, आणि ते टाके मी लगेच ओळखले. तुझ्या दारात आलो असतो तर चाळीस वर्षांचा बाप्या उंबऱ्यावर बसून रडला असता. ते मला गावासमोर नको होतं.

मिलोयेला मी माफ केलेलं नाही. देवानं केलं तर तो देवाचा प्रश्न. त्या जुन्या पाद्र्यालाही नाही. तुला मात्र होजानं विचारलं तसंच तीनदा लिहून देतो, म्हणजे कोणी शंका घ्यायला नको. हलाल, मावशी. हलाल. हलाल.

आमच्या डेपोत एरिट्रियाहून आलेला नवा ड्रायव्हर आहे. परवा जेवताना त्यानं सहज विचारलं, तुझे वडील कुठे असतात. हा प्रश्न कोणी केला की मी घास टाकून उठत असे. या वेळी मी बसूनच राहिलो. म्हटलं, गावी असतात. आईजवळ.

तब्येतीला जप, आणि आम्हा दोघांवरचा हात काढून घेऊ नकोस.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला,
शेव्केत